पाठीवरची सही

अलॉय चाक पाहायचे ते पाठीकडून. दर्शनी बाजू गिऱ्हाइकासाठी घडवलेली असते. तिच्यावर रंग चढतो, डायमंड कटची झळाळी येते, मधोमध एखाद्या नामांकित कंपनीची टोपी बसते. आणि ती टोपी ॲक्सेसरीच्या दुकानात सुटीही मिळते. पाठ ब्रेककडे तोंड करून काळोखात असते. तिला नटवण्यात कुणाला रस नसतो. साचा कोरणारा, धातू ओतणारा, मोजमाप तपासणारा अशा तिघाचौघांनी आपापल्या कामापुरते तिथे काही लिहून ठेवलेले असते, आणि चाक गाडीला लागले की ते ब्रेकच्या काळ्या भुकटीखाली बुजून जाते. बिननावाच्या चाकाचा कर्ता शोधायचा तर रॉकेल आणि घासणी घेऊन आधी ही पाठ स्वच्छ करावी लागते. त्यानंतर जे दिसू लागते ते मला आजही थक्क करते.

आळंदीत बसून हे वाचन करण्यात वेगळी गोडी आहे. देवाची आळंदी खेड तालुक्यात येते, आणि या तालुक्यात आज मोटारींची चाके जन्माला येतात. चाकणजवळ कुरुळीला कल्याणी मॅक्सियनचा पोलादी चाकांचा कारखाना आहे. राजगुरुनगरजवळ खेड सिटीत मॅक्सियनची ॲल्युमिनियमची चाके ओतली जातात. शेजारच्या शिरूर तालुक्यात, शिक्रापूरला, जपानच्या एन्केईचा कारखाना आहे. ही कंपनी १९५० मध्ये हामामात्सु शहरात सुरू झाली आणि १९९५ पासून मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन मोटारींना तिने चाके पुरवली. वाहनांचे भाग तपासणारी सीआयआरटी ही संस्था भोसरीला आहे, आणि त्याच क्षेत्रातल्या एआरएआय या संस्थेचे एक केंद्र चाकणला. एवढे सगळे आळंदीपासून तासाभराच्या टप्प्यात. त्यामुळे देहूफाट्यावर किंवा मरकळ रस्त्यावर टायरच्या दुकानाबाहेर जुन्या अलॉयची जी उतरंड रचलेली असते तिच्यात नाना तऱ्हेची चाके सापडतात. नवी गाडी घेताच उतरवलेली कारखान्याची चाके, बेंड काढून पुन्हा रंगवलेली चाके, आणि ज्यांचे मूळ दुकानदारालाही ठाऊक नाही अशी चाके. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने कुदळवाडीतली भंगाराची गोदामे पाडली. तोवर अशा शोधात निघालेल्याची पावले आधी तिकडे वळत.

सध्या माझ्यापुढे आहे ते तिसऱ्या जातीतले. पंधरा इंची, सहा आऱ्यांचे, ब्राँझ रंगाचे, टोपी हरवलेले. दुकानदाराने विश्वासाने सांगितले होते, "काका, जपानचा माल आहे हा." त्याला मी म्हटले, "दादा, जपानचा असेल तर तो स्वतःच सांगेल."

मुखड्यापासून सुरुवात करू, कारण तो चुकीच्या वाटेला कसा लावतो हे कळणेही आवश्यक आहे. सहा सरळ आरे आणि ब्राँझ रंग ही जोडी जगभर ओळखीची आहे. जपानच्या रेज कंपनीने १९९६ मध्ये व्होल्क रेसिंग टीई३७ हे चाक काढले. पंधरा इंची मापात त्याचे वजन ३.७ किलो होते, आणि नावातला ३७ तिथून आला. ते चाक ओतीव नसून घडीव आहे. ॲल्युमिनियमचा तापवलेला ठोकळा प्रचंड दाबाखाली चेपून त्याला आकार देतात, त्यामुळे धातू दाट होतो आणि थोड्या धातूत जास्त बळ मिळते. टायर काढलेले असेल तर आणखी एक खूण पाहावी. टायरची कड जिथे रिमवर बसते त्या जागी रेजच्या चाकावर बारीक दातेरी खरवड असते, जोरात ब्रेक दाबला तरी टायर रिमवर सरकू नये म्हणून. माझ्यापुढच्या चाकाच्या त्या जागेवर बोट फिरवले तर ती काचेसारखी गुळगुळीत आहे, आणि तराजूवर चाक साडेसहा किलोच्या आसपास भरते. म्हणजे टीई३७ नव्हे. पण म्हणून हा मुखडा टाकाऊ ठरत नाही. प्रत्येक आरा रिमला भिडण्याआधी दोन्ही अंगांनी हळूच रुंदावतो आणि कोपऱ्यात गोलाई घेऊन रिममध्ये विरघळतो. हलक्या नकलेत हा कोपरा काटकोनात तुटलेला असतो, आणि पहिली भेग तिथेच पडते. इथे तर्जनीचे टोक त्या गोलाईत अलगद मावते. आकार दुसऱ्याचा घेतला असेल, पण बळ कुठून कुठे वाहते हे समजून घेतलेला हात त्यामागे आहे.

आता चाक पालथे घालू. पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे अक्षरे दोन प्रकारची आहेत. काही उठावाची, काही खोलगट. साच्यात अक्षर खोदले की ओतीव वस्तूवर ते उठून येते. म्हणून उठावाचे प्रत्येक अक्षर साचा बनवणाऱ्याचे, आणि त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक चाकाला समान. खोलगट अक्षर मात्र धातू थंड झाल्यावर ठशाने ठोकलेले किंवा मशीनने कोरलेले असते. ते त्या एका चाकापुरते किंवा त्या एका खेपेपुरते. उठावाच्या अक्षरांत माप, भार आणि मिश्रधातू लिहिलेला आहे; ऑफसेट मात्र खोलगट आकड्यात ठोकला आहे. का? ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यापासून हबच्या सपाटीपर्यंतचे अंतर; तो साच्यात ठरत नाही. हबला चिकटणारी सपाटी लेथवर किती खोल छिलायची यावर तो ठरतो, आणि एकाच साच्यातून निघालेल्या चाकांना वेगवेगळा ऑफसेट देता येतो. ओतशाळेने तेवढी जागा मुद्दाम कोरी ठेवली. अक्षराच्या नुसत्या उठाव-खोलगटपणातून कारखान्याच्या कामाचा क्रम उलगडतो, हे मला फार देखणे वाटते.

शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. नंतरच्या हातांनी घातलेले शब्द मूळ शब्दांपासून वेगळे काढण्याचे ते काम होते. आळंदीत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट लहानपणापासून ठाऊक असते, आणि चाकाच्या पाठीवर तीच शिस्त कामी येते. उठावाची अक्षरे मूळ हाताची. ठोकलेला ऑफसेट त्याच कारखान्यातल्या दुसऱ्या हाताचा. आऱ्याच्या आत पांढऱ्या मार्करने मारलेली खूण कुठल्या तरी गोदामाची. ब्राँझ रंग तर बराच नंतरचा, कारण व्हॉल्व्हच्या भोकात आतल्या बाजूला मूळ चंदेरी रंगाची किनार अजून शाबूत आहे. नंतरचे हात असे एकेक बाजूला काढत गेले की खालचा पाठ स्वच्छ दिसू लागतो.

त्या पाठातला सर्वांत रसाळ भाग म्हणजे तारखेची तबकडी. दोन आऱ्यांच्या मधल्या खोलगट जागी, एक रुपयाच्या नाण्याहून लहान, घड्याळासारखे एक वर्तुळ आहे. कडेने १ ते १२ आकडे, मध्ये बाण, बाणाच्या दोन बाजूंना दोन आकडे. बाण महिना दाखवतो, दोन आकडे वर्ष. साच्यात हा पोलादाचा छोटा तुकडा वेगळा बसवलेला असतो, आणि महिना बदलला की टूलरूममधला कुणी तरी स्क्रूड्रायव्हरने तो बाण एक घर पुढे फिरवतो. काही कारखाने बाणाऐवजी दर महिन्याला एकेक टिंब वाढवत जातात. वर्षाच्या आकड्याखाली चार टिंबे असतील तर एप्रिल. माझ्या चाकावर बाण चारवर आहे आणि आकडे आहेत ० आणि ९. म्हणजे एप्रिल २००९. तबकडीच्या कडा अजून धारदार आहेत, तर शेजारच्या मापाच्या अक्षरांच्या कडा झिजून मऊ पडल्या आहेत. साच्याला आतून लेप फवारतात, तो खरवडतात, पुन्हा फवारतात. हजारो वेळा ओतल्यानंतर कोरलेली अक्षरे बोथट होतात. तबकडीचा तुकडा बदलता येतो, साचा बदलत नाही. तेव्हा हे चाक जुन्या, भरपूर चाललेल्या साच्यातून निघाले. या साच्याच्या चाकाला मागणी होती, आणि ओतशाळा तारखेची तबकडी नवी बसवण्याइतकी नेटकी होती. एवढे सगळे एका बोथट आणि एका धारदार कडेच्या फरकातून कळते.

मापाची ओळ आहे १५×६.५ जेजे. रुंदीच्या आकड्यापुढचे अक्षर रिमच्या काठाचा आकार सांगते. युरोपात तिथे बहुधा एकच जे दिसतो, जपानी वळणाच्या चाकांवर दोन. ऑफसेटपुढे जर्मन पद्धतीत ईटी अशी अक्षरे असतात. इथे नुसते अधिक चिन्ह आणि ३८ आहे. ठोकलेल्या आकड्यावर विसंबू नये, तो पडताळता येतो. चाक पालथे ठेवून मागच्या काठावर सरळ पट्टी आडवी टाकली आणि हबच्या सपाटीपर्यंतची खोली मोजली, तर ती १३३ मिलिमीटरच्या आसपास येते. साडेसहा इंची रिमची काठासकट रुंदी साधारण साडेसात इंच, म्हणजे १९० मिलिमीटर. तिचे निम्मे ९५, आणि वर राहिले ३८. आकडा आणि वस्तू तंतोतंत जुळतात. जिथे हा मेळ बसत नाही तिथे चाक नंतर कुणी तरी पुन्हा छिललेले असते, आणि असे चाक मी हातातही धरत नाही.

हबच्या सपाटीवर आठ भोके आहेत. चार एका वर्तुळावर, चार दुसऱ्यावर. व्यास १०० मिलिमीटर आणि ११४.३ मिलिमीटर. हे बाजारासाठी ओतलेल्या चाकाचे ठळक लक्षण. कारखाना आपल्या गाडीसाठी चाक बनवतो तेव्हा त्याला एकच वर्तुळ लागते. पण या ११४.३ मध्ये आणखी एक गंमत दडली आहे. हा मिलिमीटरचा आकडा असा अपूर्णांकी का? कारण तो मुळात साडेचार इंच आहे. तसाच १३९.७ म्हणजे साडेपाच इंच. विलिस जीपवर तोच होता, आणि महिंद्राने ती जीप इथे बनवायला घेतली तेव्हा तो आपल्याकडेही आला. उलट चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन पोलोचा १०० आणि मर्सिडीजचा ११२ हे पूर्णांक मेट्रिक घराण्याचे. नटांच्या वर्तुळाचा व्यास मोजला की चाक इंचांच्या वारशातले की मिलिमीटरच्या, हे समजते. माझ्या चाकाने दोन्ही वारसे एका सपाटीवर मांडले आहेत, आणि तरी दोन भोकांमधली धातूची भिंत कुठेही कागदासारखी झालेली नाही. मधल्या जागेत लहान खळगे आहेत तेही अशा ठिकाणी, की नटाचा दाब जिथे पडतो तिथला धातू अखंड राहावा. दोन वर्तुळांची गर्दी इतक्या शांतपणे मांडणे सोपे नसते.

मधले भोक ७३.१ मिलिमीटर. पोलोच्या हबला ५७.१ लागते, मर्सिडीजला ६६.६. बाजारी चाकाचे भोक मुद्दाम मोठे ठेवतात आणि गाडीप्रमाणे आत कडे बसवतात, ज्याला दुकानात हब रिंग म्हणतात. ती रिंग टाकली नाही तर चाक केवळ नटांवर तरंगते आणि ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते. नटाची बैठक शंकूची आहे, साठ अंशांची. फोक्सवॅगन आणि मर्सिडीजच्या कारखानी चाकांत ती गोलाकार असते. नटांची दोन वर्तुळे आणि हे मोठे भोक या दोन गोष्टींनी कारखान्याच्या मोटारीसाठी ओतलेले चाक हा पर्याय कायमचा बाद होतो.

इथवर आलो ते मोजमापाने. धातूशी ओळख करून घेतली नाही तर मात्र सगळे कोरडेच राहील. मधल्या भोकाच्या आतल्या भिंतीकडे उजेडात पाहिले तर लेथच्या बारीक, एकसारख्या रेषा दिसतात, आणि काठाकडे कुठेही धातू पुरवणाऱ्या जाड तोंडाचा, कापून घासलेल्या शेंडीचा मागमूस नाही. ही कमी दाबाच्या ओतकामाची खूण. त्या पद्धतीत भट्टी साच्याच्या खाली असते. सुमारे ७०० अंश सेल्सिअसला वितळलेला धातू हवेच्या हलक्या दाबाने उभ्या नळीतून वर चढतो, हबच्या मध्यातून साच्यात शिरतो आणि आऱ्यांवाटे काठाकडे पसरतो. गोठण्याचा क्रम उलटा: आधी काठ, मग आरे, सगळ्यात शेवटी हब. म्हणजे आक्रसणाऱ्या काठाला हबकडून शेवटपर्यंत धातू मिळत राहतो आणि आत पोकळी राहत नाही. मध्यावरचे धातूचे तोंड पुढे मधले भोक पाडताना आपोआप निघून जाते. धातू ज्या दाराने आत आला तेच दार नंतर हबची जागा होते; या योजनेतल्या काटकसरीला मी मनापासून दाद देतो.

मिश्रधातू उठावाच्या अक्षरांत दिलेला आहे: ए३५६.२, आणि पुढे टी६. सुमारे सात टक्के सिलिकॉन, चिमूटभर मॅग्नेशियम, बाकी ॲल्युमिनियम. सिलिकॉनमुळे वितळलेला धातू पाण्यासारखा वाहतो आणि साच्याचे बारीक कोपरे भरतो. मॅग्नेशियममुळे पुढची उष्णताप्रक्रिया लागू पडते: ५४० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात विझवणे, मग दीडशेच्या वर कमी उष्णतेत काही तास मुरवणे. या सगळ्या प्रक्रियेचे नाव टी६. पण इथे माझे लक्ष त्या नावाच्या लिपीकडे गेले. हाच धातू जपानी ओतशाळा एसी४सीएच असा लिहिते, आणि जर्मन ओतशाळा सिलिकॉन-मॅग्नेशियमची रासायनिक चिन्हे जोडून. ए३५६.२ हे अमेरिकी वळण. तैवान आणि चीनमधल्या निर्यातीच्या ओतशाळांनी ते आपलेसे केले. रिमच्या काठाला जपानी वळण, धातूला अमेरिकी. चाकाची बोली मिश्र आहे, आणि दुकानदाराच्या जपानला पहिला धक्का बसतो तो इथे.

आऱ्यांची पाठ हा या चाकातला माझा सर्वांत आवडता भाग. समोरून भरीव वाटणारा आरा मागून पोखरलेला आहे, पन्हाळीसारखा. पन्हाळीच्या भिंती उभ्या नाहीत. त्यांना तळाकडून वर किंचित ढाळ आहे, कारण ढाळ नसेल तर गोठलेले चाक साच्यातून सुटणार नाही. घडीव चाकात हेच खळगे बहुधा मशीनने पाडतात, तिथे भिंत ताठ उभी असते आणि कटरच्या पावलांचे ठसे उमटतात. ढाळ दिसला की बहुधा ओतीव, ताठ भिंत दिसली की बहुधा घडीव. चौघांच्या गराड्यातही हे दोन क्षणांत सांगता येते. पण खरी करामत पन्हाळीच्या तळाशी आहे. तळ सपाट नाही. हबकडून निघताना तो खोल आहे, मध्यावर उथळ होत जातो आणि काठाजवळ पुन्हा थोडा खोल उतरतो. आऱ्याच्या मध्यावर धातू जाड ठेवला, दोन्ही टोकांना वाचवला, असे वरवर वाटेल; पण टोकांना भिंती जाड केल्या आहेत. एकूण धातू जागच्या जागी ठेवून त्याची मांडणी बदलली. शिवाय मध्यावरच्या जाड भागामुळे काठाकडे जाणाऱ्या धातूची वाट शेवटपर्यंत उघडी राहते. ओतकाम समजणारा आणि बळ समजणारा असे दोघे एकाच रेखाटनावर वाकले असल्याखेरीज असा तळ निघत नाही. मुखड्याचा आकार उसना असेल. या पन्हाळीचा तळ कुणाकडून उसना मिळत नाही, कारण नक्कल करणारा फोटोवरून काम करतो आणि फोटो पाठीचा कुणी काढत नाही.

पन्हाळीच्या कडेला साच्यातून चाक बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे आहेत. सगळे एका पातळीवर. एखादा ठसा जास्त खोल असता तर चाक साच्यात अडकत होते आणि जोराने ढकलावे लागत होते असे समजले असते. ओतीव पृष्ठभाग बारीक रवाळ, एकसारखा. लेप फवारणाऱ्याने घाई केलेली नाही.

रिमच्या आतल्या घेराबद्दल थोडक्यात. तिथे फ्लो फॉर्मिंगच्या, म्हणजे फिरत्या चाकाचा घेर रोलरने दाबून लांबवण्याच्या, खुणा नाहीत. घेराची जाडी साध्या ओतीव चाकाइतकी आहे. एन्केईची या प्रकारची चाके पाहिलेल्याला हा फरक चटकन कळतो. जुन्या बॅलन्सिंगच्या वजनांचे डिंकाचे डाग दोनच ठिकाणी आहेत आणि तेही लहान. चाक मुळात समतोल होते.

उरले ते शिक्के. जेडब्ल्यूएल हा जपानी मापदंड पाळल्याचा छाप उत्पादक स्वतः लावू शकतो. त्याच्या शेजारचा व्हीआयए मात्र तिथल्या तपासणी संस्थेकडे चाचण्या दाखवून नोंदणी केल्यावरच लावायचा असतो. या चाकावर दोन्ही आहेत, उठावाचे, आणि मापाच्या अक्षरांइतकेच बोथट. ही बोथट कड महत्त्वाची. मागाहून बनावट छाप घुसवला असता तर तो शेजाऱ्यांपेक्षा ताजा दिसला असता. साचा कोरला त्याच दिवशी हे छाप कोरले गेले. जर्मनीच्या बाजारात जायचे असते तर फ्लेन्सबुर्गच्या वाहन कार्यालयाचा, केबीएचा, पाच आकडी क्रमांक दिसला असता. तो नाही.

भार लिहिला आहे ५९० किलो. एका चाकाचा हा भार कागदोपत्री राहत नाही. आघाताची चाचणी त्यावरच बेतलेली असते. आयएसओ ७१४१ या मापदंडात टायर चढवलेले चाक १३ अंश कलते बसवतात आणि त्याच्या काठावर २३० मिलिमीटर उंचीवरून वजन सोडतात. वजन किती? भाराचे ०.६ पट, अधिक १८० किलो. आपल्या चाकासाठी ५३४ किलो. त्यानंतर आरपार भेग जाता कामा नये आणि एका मिनिटाच्या आत सगळी हवा जाता कामा नये. मोशीच्या किंवा मरकळच्या रस्त्यावर पावसाळ्यात खड्ड्याचा काठ रिमला कसा लागतो हे ज्याने अनुभवले आहे, त्याला त्या १३ अंशांची किंमत सांगावी लागणार नाही. कलता, काठावर, एकाच जागी: चाचणी आखणाऱ्याने रस्ता नीट पाहिला होता.

आणि सगळ्यात शेवटी, व्हॉल्व्हच्या भोकाजवळ, एका लहान वर्तुळात एकच अक्षर. नाव नव्हे, पत्ता नव्हे. एन्केई आपले पूर्ण नाव पाठीवर घालते. जर्मनीची बीबीएस आपल्या गाजलेल्या जाळीदार चाकाच्या पाठीवर आरएस आणि पुढे क्रमांक घालत असे, इटलीची स्पीडलाइन एसएल आणि क्रमांक. हे वर्तुळातले अक्षर त्या मोठ्या नावांपैकी कुणाचे नाही. पण त्याच उतरंडीत खाली, अगदी वेगळ्या मुखड्याचे, पाच आऱ्यांचे एक चाक होते. त्याची टोपी शाबूत होती आणि तिच्यावर भारतातल्या बाजारात विकल्या जाणाऱ्या एका ब्रँडचे नाव होते. त्याच्या व्हॉल्व्हच्या भोकाजवळ तेच वर्तुळ, तेच अक्षर. तीच ए३५६.२ ची ओळ, त्याच उंचीची अक्षरे, तारखेची तबकडी त्याच कोपऱ्यात. आणि आऱ्याच्या पाठीला तोच उथळ-खोल तळ. मुखडे दोन, विकणारे वेगळे, ओतणारा हात एकच.

माझा निर्णय असा. हे चाक जपानमध्ये ओतलेले नाही. जपानची नोंदणी मिळवून निर्यात करणाऱ्या पूर्व आशियातल्या एका ओतशाळेचे ते काम आहे, तैवान किंवा चीन; ती ओतशाळा निरनिराळ्या विक्रेत्यांसाठी चाके ओतत होती, आणि हरवलेल्या टोपीवर अशाच एखाद्या विक्रेत्याचे नाव असणार. ते नाव मिळाले तरी कर्ता बदलणार नाही. कर्ता वर्तुळातल्या अक्षरामागे आहे आणि तो पहिल्या प्रतीचा कारागीर आहे. दुकानदाराला मी हे सांगितले, आणि संच घेतला.

वाचकांना एक विनंती. जुने अलॉय घेताना टायर चढवण्याआधी पाठीचा फोटो काढून ठेवा. चाक गाडीला लागले की ती दिसत नाही. माप, भार आणि तारीख यांपैकी भार लिहिलेला नसेल तर मुखडा कितीही देखणा असो, ते चाक गाडीला लावू नका. अलीकडच्या चाकांबाबत काम सोपे झाले आहे. २०२० च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने मोटारींच्या चाकांना आयएसआय चिन्ह बंधनकारक केले. प्रवासी मोटारीच्या चाकावर त्या चिन्हाच्या वर आयएस ९४३६ आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक घातला की चाक कुणी बनवले त्याचे नाव आणि पत्ता दिसतो.